तीननंतर पाच

गड्डीगोदामच्या चर्चमध्ये मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी
वाचन माझं होतं.
कूलरची मोटर खरखरत होती, खसाचा ओला वास,
नवं भाषांतर इतकं ताठ की पान अंगठ्यानं दाबून धरावं लागे.
तळ्याकाठी आजारी माणसं पडून आहेत,
तिसरं वचन संपलं
आणि पुढचा आकडा पाच.

मी थांबलो.
एकतीस वर्षं मिशनच्या छापखान्यात प्रुफं तपासली,
आकडा चुकला की बोट आपोआप समासात जातं.
पण ही चूक नव्हती. तळाशी मुंगीएवढी टीप:
जुन्या प्रतींत हे वचन नाही.

पुढे वाचलं. अडतीस वर्षांचा तो दुखणेकरी
हललेल्या पाण्याचं गाऱ्हाणं सांगू लागला, तेव्हा
चाकाच्या खुर्चीतून एस्तेरबाई साळवे मोठ्यानं म्हणाल्या,
"मंग पानी हालवते कोन?"

लोक हसले.
पाळक निनाद उमाळे हसले नाहीत.
पोरगा हुशार, जबलपूरहून ग्रीक शिकून आलेला.
आराधनेनंतर म्हणाला, "काका, वाळूत सापडलेल्या प्रती
तुमच्या जुन्या भाषांतरामागच्या प्रतींहून
शेकडो वर्षांनी वडील आहेत."

खरंय. मी भांडायला आलो नव्हतो.
स्वर्गातल्या तीन साक्षीदारांचं वाक्य मी केव्हाच सोडलं.
ते समासातून आत शिरलं हे माझ्यासारख्याला
न शिकताही दिसतं.
आणि जुनं भाषांतर जसंच्या तसं आकाशातून उतरलं म्हणणाऱ्या
शांतवनभाऊंशी माझं दहा वर्षं बोलणं नाही.

पण खिळे जुळवणारा माणूस थकला
की भर घालत नाही, गाळतो.
एका ओळीच्या शेवटी 'पाणी', दोन ओळींनंतर पुन्हा 'पाणी',
डोळा या पाण्यावरून त्या पाण्यात उडी मारतो
आणि मधला मजकूर बुडतो.
आमच्या रामकिसननं एकदा वंशावळीतले सात बाप गाळले होते,
भर दुपारी, जेवण झाल्यावर.
म्हणून आखूड तेच मूळ, असं कुणी म्हणालं
की माझा चष्मा नाकावर घसरतो.

मग कपाट उघडून मी निनादला दोन गीतपुस्तकं दाखवली.
एक कुणा मडमेनं दिलेलं, शंभर वर्षांचं,
सोनेरी कड अजून लखलखीत. कुणी उघडलंच नाही.
दुसरं पुढच्या बाकावरचं,
नऊ वर्षांत अंगठ्यांनी खाऊन टाकलेलं.
वाचलेली पुस्तकं मरतात, निनाद.
मरण्याआधी त्यांची नक्कल करावी लागते.
तुमच्या उशिराच्या प्रती
अशा झिजलेल्यांची लेकरं असतील.
असतील म्हणतो. आहेतच, नाही म्हणत.

तो बराच वेळ त्या फाटक्या पुस्तकाचा कणा चाचपत राहिला.
"पण काका, हे चौथं वचन तरी...
कुणा एस्तेरबाईनं तेव्हाही विचारलं असेल,
आणि कुणी दयाळू माणसानं
कडेला उत्तर लिहून ठेवलं असेल."

मला बोलता आलं नाही.
खिडकीबाहेर कुणी कूलरच्या टाकीत पाइप सोडून गेलं होतं,
पाणी थरथरत होतं.

रात्री माझ्या नव्या प्रतीत,
तीन आणि पाचच्या शेजारी, समासात,
चौथं वचन शिसपेन्सिलीनं उतरवलं,
माझ्या बापाच्या तोंडी होतं तसं, जुन्या वळणाचं,
देवदूतासकट.
मग हात थबकला.
त्या साक्षीदारांनाही असंच आत घेतलं असेल कुणी,
अशाच प्रामाणिक, म्हाताऱ्या हातानं.
म्हणून खाली आद्याक्षरं टाकली, तारीख टाकली,
आणि प्रुफावर लिहायचो तसं लिहिलं: मूळ पाहा.

पुढच्या रविवारी एस्तेरबाईंनी भिंग लावून वाचलं.
मान डोलावली. पान डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं.
"बरोबर हाय," म्हणाल्या,
"पन पेन्सिलीनं काहून लिवलं?"